गोष्ट पुढं जाते, ध्रुपद मागं ओढतं

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. सांगलीत विश्रामबागेला दहा बाय बाराची खोली, दोन मॉनिटर, एक कुलर आणि २०१९ च्या पुरानंतर कायमच्या माळ्यावर गेलेल्या हार्डडिस्का. लग्नसराईत साखरपुडा, हळद, वरात कापून-जोडून द्यायची. सराई नसली की कुणाचं अल्बम साँग, कुणाच्या दुकानाची जाहिरात. हे करता करता छत्तिसाव्या वर्षी मी बाहेरून एम. ए. ला नाव घातलं, मास कम्युनिकेशनला. घरच्यांना वाटलं, पगार वाढावा म्हणून शिकतोय. स्वतःच्या धंद्यात पगार वाढवणार कोण, हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. विषय मॅडमनी सुचवला: कथनमीमांसेतले, म्हणजे गोष्ट कशी रचली-सांगितली जाते त्याच्या अभ्यासातले, सिद्धांत घ्या आणि ते चित्रपटांना, म्युझिक व्हिडिओंना लावून बघा. "तुम्ही रोज कापताय ना, मग तुम्हाला काय अवघड?" असं म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं होतं.

सुरुवात प्रॉपपासून केली. कारण साधं होतं, त्याच्याकडं यादी होती, आणि आम्हा एडिटर लोकांना यादी मिळाली की बरं वाटतं. व्लादिमीर प्रॉप हा रशियन अभ्यासक. १९२८ साली त्यानं १०० रशियन परीकथा घेऊन त्यांची हाडं मोकळी केली. कथेत राजा बदलेल, राक्षस बदलेल, पण त्यांच्या हातून घडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात, असं त्याचं म्हणणं. अशा ३१ गोष्टी त्यानं काढल्या. त्यांना तो कार्यं म्हणतो. एका कथेत सगळी येतीलच असं नाही, पण जी येतात ती ठरलेल्या क्रमानं येतात. आणि ती पार पाडणाऱ्या भूमिका सात: नायक, खलनायक, दाता, साहाय्यक, धाडणारा, राजकन्या आणि तिचा बाप, आणि खोटा नायक. खोटा नायक म्हणजे काम दुसऱ्यानं केलेलं असताना 'मीच केलं' म्हणून पुढं येणारा. (हा आमच्या धंद्यात ओळखायला सिद्धांत लागत नाही.)

शंभर पानी वही घेतली, उभ्या रेघा मारल्या, सात रकाने केले. पहिला चित्रपट घेतला 'संत तुकाराम', प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांनी केलेला. हा निवडायचं कारण आई. तिला तो तोंडपाठ आहे. मी लॅपटॉप उघडून बसलो की ती मागं खुर्ची ओढून बसायची आणि पुढच्या प्रसंगाची वर्दी आधीच द्यायची.

पहिल्याच संध्याकाळी लॉटरी लागली. सालोमालो! तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा, वर तुकोबांनीच आपले अभंग चोरले म्हणून बोंब मारणारा. प्रॉपच्या यादीत २४ वं कार्य आहे, खोट्या नायकाचा पोकळ दावा. मी वहीत एवढ्या जोरात बरोबरची खूण केली की कागद फाटला. रामेश्वर भट धाडणारा की खलनायक, यावर थोडं अडलो, पण गाथा इंद्रायणीत बुडवायला लावतो म्हणजे अवघड परीक्षा घालतो, असं म्हणून त्याचीही सोय लावली. गाथा वर आली की परीक्षा पार. रशियातल्या लोककथेच्या मापाचा अंगरखा देहूच्या वाण्याला बसतोय, ह्या गमतीतच मी दोन दिवस होतो.

मग जिजाई आली.

जिजाईला मी पहिल्यांदा पेन्सिलीनं 'साहाय्यक' लिहिलं. पोरं तीच सांभाळते, घर तीच चालवते. पण ती नायकाच्या कामाला मदत करत नाही, उलट त्याच कामावरून भांडते. खोडलं. 'राजकन्या'? ती जिंकायची असते, इथं तर लग्न होऊन पोरं झालेली. खोडलं. 'खलनायक' लिहिलं आणि आईनं मागून बघितलं.

"कुणाला खलनायक म्हणतोस रे? घरात दाणा नाही, पोरं उपाशी, ती बोलणार नाही तर कोण बोलणार?"

खोडलं. शेवटी तो रकाना खोडून खोडून काळा झाला, म्हणून जिजाईला मी तक्त्यातून वगळूनच टाकलं आणि कच्चा मसुदा मॅडमना दिला. पुढच्या रविवारी वही परत आली. समासात लाल शाईनं एवढंच होतं: 'जिजाई कुठे गेली?'

तिच्यावर मग मी तीन पानं लिहिली, आणि अख्ख्या प्रकल्पात मला आजही वाचवतात ती तीनच पानं. प्रॉपची यादी ३१ व्या कार्याला लग्न आणि सिंहासन यावर संपते. तुकोबांना सिंहासन नाही, विमान आलं. पण लग्न? प्रॉपच्या कथा लग्नाला पोचून संपतात, ही संसारातून उठून संपते, आणि उठणाऱ्याच्या मागं जिजाई खाली राहते. तक्त्यात जागा नसलेली ही एकटी बाई चित्रपटात भूक घेऊन येते. ती नसती तर तो चमत्कारांचा चित्रपट झाला असता. तिच्यामुळं प्रत्येक चमत्काराच्या शेजारी एक रिकामं भांडं दिसत राहतं. यादी भरत होतो तोवर मला हे दिसलं नव्हतं. यादीत बसली नाही म्हणून दिसलं.

आईचा आणखी एक उपयोग झाला. रशियन लोकांनीच दोन शब्द दिलेत, 'फाबुला' आणि 'स्यूझेत'. फाबुला म्हणजे घडलं त्या क्रमातली गोष्ट, स्यूझेत म्हणजे सांगितली त्या क्रमातली. पुस्तकात हे वाचताना डोक्यावरून गेलं होतं. मग मी आईला, बायकोला आणि खालच्या झेरॉक्सवाल्या पोराला एकच चित्रपट सांगायला लावला, 'सैराट'. आईनं सुरुवात आर्चीच्या बापापासून केली, "लई मोठा माणूस, गावात त्याचं चालायचं". बायकोनं विहिरीपासून. झेरॉक्सवाल्यानं थेट शेवटापासून, लहान पोराच्या लाल पावलांपासून, आणि तिथून मागं मागं येत राहिला. घडलेलं तेच, पण ज्याला जे टोचलं तिथून त्याची सुरुवात. मी तिघांचं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं. आईचं ११ मिनिटं भरलं, त्यातली ४ पाटलांच्या घराण्यावर.

तोदोरोव मात्र मला सांगलीकर असल्यासारखाच वाटला. त्स्वेतान तोदोरोव, मूळचा बल्गेरियाचा, काम केलं पॅरिसात. कथनमीमांसेचं फ्रेंच नाव त्यानंच १९६९ साली पाडलं. त्याचं म्हणणं पाच पायऱ्यांत मावतं: सगळं समतोल असतं, काहीतरी येऊन तो मोडतं, मोडल्याचं माणसांच्या ध्यानात येतं, ती दुरुस्तीला लागतात, आणि शेवटी समतोल येतो, पण तो पहिल्यासारखा नसतो, नवा असतो.

आता सांगलीत ऑगस्ट काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज आहे का? इथं पावसाळ्यात रस्त्यात माणूस भेटला की जेवलास का विचारायच्या आधी "आयर्विनला किती?" विचारतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते ऐकायचं, इथं पोचायला किती तास लागतील त्याचा हिशेब बोटांवर करायचा आणि रात्री दोनला उठून पुन्हा मोबाइल बघायचा. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मोडणं आणि मोडल्याचं कळणं ह्या दोन पायऱ्या तोदोरोवनं वेगळ्या का ठेवल्या, हे मला त्या आकड्यांवरून समजलं. पाणी कधीचंच चढत असतं. ४५ ऐकल्यावर बायको कपाटातली कागदपत्रं पिशवीत भरायला लागते. आणि नवा समतोल म्हणजे माझ्या माळ्यावरच्या हार्डडिस्का. पाणी उतरलं, भिंती सुकल्या, रंग दिला, पण डिस्का खाली आल्या नाहीत.

हा तक्ता 'सैराट'ला लावला आणि तिथं माझं डोकं पहिल्यांदा नीट चाललं, असं मी म्हणेन. नागराज मंजुळेंचा हा २०१६ चा चित्रपट महाराष्ट्रात बघितला नाही असा माणूस मिळणं मुश्कील, त्यामुळं गोष्ट सांगत बसत नाही. मी आधी सरळ लिहून काढलं: समतोल, गाव, मोड, दोघांचं प्रेम, ध्यानात येणं, पकडले जाणं, दुरुस्ती, हैदराबादचा संसार, नवा समतोल... इथं पेन थांबलं. शेवटी आर्चीची माहेरची माणसं भेटीच्या वस्तू घेऊन येतात आणि दोघांना मारून जातात. नवा समतोल कुठला? मी 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बसमधून मिरजेला जाताना लक्षात आलं की मी रकाने आर्ची-परश्याच्या बाजूनं भरले होते. पाटलांच्या बाजूनं भरले तर? त्यांच्या लेखी मोड म्हणजे पोरगी पळाली ती, आणि दुरुस्ती म्हणजे तो खून. त्यांच्या हिशेबानं तक्ता पूर्ण भरतो, पाचच्या पाच रकाने. हे लिहिताना हात जड झाला. तोदोरोव समतोल म्हणतो, कुणाचा समतोल ते त्याच्या पाच पायऱ्यांत कुठंच लिहावं लागत नाही. ते तक्ता भरणाऱ्यानं स्वतःला विचारायचं असतं. मॅडमनी ह्या पानावर काहीच खूण केली नाही, त्यावरून मी समजून घेतलं.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसली, ती एडिटर म्हणूनच दिसली. मी मिनिटांप्रमाणं नोंदी केल्या होत्या आणि गाण्यांना हिरवी शाई वापरली होती. हिरवा रंग मध्यंतराच्या अलीकडंच संपला. चारही गाणी पहिल्या अर्ध्यात. हैदराबादेत पोचल्यावर एकही नाही, आणि अगदी शेवटी तर आवाजच नाही. थिएटरात मी दोनदा बघितलाय हा चित्रपट, 'झिंगाट'ला खुर्चीवरून उठलोय. पण उत्तरार्धात गाणं नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कान मात्र वाट बघत होता बहुतेक.

लेव्ही-स्ट्रॉस ह्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाच्या विरोधी जोड्या ह्या प्रकरणावर मी दीड पान लिहिलं. वर-खाली, आत-बाहेर, गाव-शहर. जोड्या कशाच्याही लावता येतात, आणि नेमकी त्यामुळंच मजा गेली. ते दीड पान परीक्षेपुरतं.

आता म्युझिक व्हिडिओ. इथं आल्यावर सगळे तक्ते गळायला लागले.

नोंदीची माझी पद्धत सांगतो. प्लेअर अर्ध्या वेगावर लावायचा. प्रत्येक कटला स्पेसबार. वहीत चार रकाने: किती सेकंदाला, चित्रात काय, गाण्यात कुठं (मुखडा, अंतरा, आणि एम-वन, एम-टू म्हणजे मधले नुसत्या वाद्यांचे तुकडे), आणि चौथ्यात एक प्रश्न: ह्या शॉटनंतर आपल्याला नवीन काय कळलं? चौथा रकाना महत्त्वाचा. रोलां बार्त ह्या फ्रेंच समीक्षकानं १९७० साली बाल्झाकच्या एका कथेचे ५६१ तुकडे करून एकेक तपासला. तो आमच्याच जातीचा म्हणायचा, फक्त त्याला रेंडर करायला लागत नव्हतं. चित्रपटाला चौथा रकाना भरभर भरायचा. म्युझिक व्हिडिओला पानंच्या पानं मोकळी. चार मिनिटांत शंभर-सव्वाशे शॉट, आणि नवीन काय कळलं? तिनं केस उडवले. परत उडवले.

आईला एक लोकप्रिय अल्बम साँग दाखवलं आणि म्हटलं, गोष्ट सांग. सबंध तुकाराम सांगणारी बाई. तिनं चष्मा काढला.

"गोष्ट कुठंय त्यात? ती नाचती, तो बघतो. मग तो नाचतो, ती बघती."

हे मी प्रकल्पात घालायला हवं होतं, पण तळटीप कुणाच्या नावानं देणार?

मग एका रात्री, गाणं लूपवर चालू असताना, मला साक्षात्कार झाला. गोष्टीला पुढं जायचं असतं आणि गाण्याला परत यायचं असतं! अंतऱ्यात पोरगा गाव सोडून गेला तरी ध्रुपद, म्हणजे परत परत येणारा मुखडा, येतं आणि पुन्हा सगळ्यांना पहिल्या ओळीवर आणून उभं करतं. आता काय दाखवायचं? गेलेल्या पोराला परत आणायचं का? म्हणून बहुतेक जण ध्रुपदावर गायकाचा लिपसिंक, म्हणजे तो ओठ हलवत गातानाचा शॉट, टाकतात, गोष्ट तिथं चहा प्यायला थांबते. मी उत्साहानं सात पानं लिहून मॅडमना पाठवली. उत्तर आलं, एका पुस्तकातल्या प्रकरणाच्या फोटोंसह: कॅरॉल व्हर्नालिस, २००४. गाण्याचा आकार गोल फिरणारा असतो, आणि व्हिडिओतली माणसं बोलत नाहीत, म्हणून म्युझिक व्हिडिओत पुरती गोष्ट क्वचितच असते, असं त्या बाईंनी केव्हाच लिहून ठेवलंय. माझी सात पानं दोन झाली. वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. विश्रामबागेत बसून तिथवर पोचलो होतो.

ह्या डोळ्यानं जुने व्हिडिओ परत बघितले तेव्हा काही कोडी सुटली. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर', १९८३ चा, जॉन लँडिसनं दिग्दर्शित केलेला. रेकॉर्डवर गाणं ६ मिनिटांचं, व्हिडिओ जवळजवळ १४ मिनिटांचा. लहानपणापासून बघतोय, पण स्पेसबार दाबत बघितल्यावर कळलं की त्यात गाणंच उलगडून वेगळं शिवलंय. मैत्रिणीबरोबर रस्त्यानं चालताना तो कडवी एकामागं एक गाऊन घेतो. मध्ये ध्रुपद येऊच देत नाहीत. मग भुतं उठतात, तो नाच होतो, आणि ध्रुपद येतं ते त्या नाचात. गोष्ट पुढं नेण्यासाठी त्यांनी ध्रुपदाला कोंडून ठेवलं आणि नेमक्या जागी सोडलं. गोष्टीसाठी गाणं मोडायची हिंमत आणि पैसा, दोन्ही असलं तर हा रस्ता आहे. आमच्याकडं गिऱ्हाईक म्हणतं, गाण्याला हात लावायचा नाही, स्टुडिओला पैसे मोजलेत.

दुसरा रस्ता 'मन के मंजीरे'मध्ये सापडला. शुभा मुद्गल गातात आणि मीता वशिष्ठ ट्रक चालवते. एका खऱ्या बाईच्या आयुष्यावर बेतलेला व्हिडिओ. शब्द आनंदाचे, मोकळं झाल्याचे. सोडून आलेला जाचाचा संसार शब्दांत नाही, चित्रात आहे. अँड्र्यू गुडविन ह्या म्युझिक व्हिडिओच्या अभ्यासकानं १९९२ मध्ये चित्र आणि गाण्याचे तीन संबंध सांगितलेत: चित्र शब्दांचंच दर्शन घडवतं, किंवा त्यात भर घालतं, किंवा त्यांच्याशी फटकून वागतं. हा भर घालण्यातला. आणि तोदोरोवच्या पाच पायऱ्यांतल्या पहिल्या तीन तर व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेल्या. चार मिनिटांत पाचही पायऱ्या चढायच्या कशाला? चौथीवर उभं राहून गाता येतं की.

तिसरा धागा घराजवळच होता, आणि माझ्या ध्यानात यायला सहा महिने लागले. विष्णुदास भावे नाट्यमंदिराच्या समोरून मी आठवड्यातून चारदा जातो. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो तेव्हा शूटिंगही केलंय. १८४३ मध्ये भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते कसं केलं? सूत्रधार पदं गाऊन कथा सांगायचा, पात्रं त्या पदांवर हावभाव करायची, आणि मग आपापलं भाषण ऐनवेळी सुचेल तसं बोलायची. म्हणजे गाणारा एक, करणारा दुसरा! मी गाडी रस्त्याकडेला लावून हे मोबाइलमध्ये टाइप केलं. मसुद्यात लिहिलं: 'म्युझिक व्हिडिओचा जन्म सांगलीत झाला.' मॅडमनी ते वाक्य तिरप्या रेघेनं कापलं आणि पुढं लिहिलं, 'अभिमान समजू शकते. साम्य म्हणा, वंशावळ म्हणू नका.' बरोबर होतं. पण साम्य कामाचं होतं. भाव्यांच्या प्रेक्षकाला सीता कुणाची, धनुष्य कोण मोडणार, हे घरातून माहीत होतं. गोष्ट माहीत असली की गाण्यावर गोष्ट सांगायचं ओझं राहत नाही, ते एका जागी रेंगाळू शकतं.

हे सगळं कागदावर ठीक. त्याच वर्षी जुलैत एक काम आलं. मार्केट यार्डातल्या एका अडत्याचा मुलगा, हौशी गायक. वाट बघण्याचं गाणं, ४ मिनिटं ३८ सेकंद, ध्रुपद चार वेळा. त्याची एकच मागणी: "दादा, स्टोरी पाहिजे. नुसतं नाचगाणं नको." शूटिंग दुसऱ्या एकानं केलं, हरिपूरला संगमाच्या घाटावर, गावात हळद साठवायच्या जुन्या पेवांच्या बाजूला आणि थोडं दंडोबाच्या डोंगरावर. दोन दिवसांत संपणारं शूटिंग पावसानं चार आठवडे रखडलं. जमेल तसं, मिळेल त्या उघडिपीत केलेलं. माझ्याकडं फूटेज आलं तेव्हा कपाळाला हात लावला. पोरगी घाटाच्या पायरीवर बसून वाट बघते, तोच कोन, तीच साडी, पण नदी वेगळी. पहिल्या दिवशीच्या शॉटमध्ये तिच्या खाली नऊ पायऱ्या कोरड्या. दुसऱ्या खेपेला सहा. मग चार. शेवटच्या शूटिंगला पाणी तिच्या पायाशी दोन पायऱ्यांवर आणि रंग चहासारखा. कंटिन्युइटीचा पार बोऱ्या.

पहिला कट मी शिकल्याप्रमाणं केला. भेट, प्रेम, ताटातूट, वाट, परत येणं. पायऱ्यांची चूक लपवायला घाटाचे सगळे शॉट झूम करून कमरेपासून वर कापले. चारही ध्रुपदांना गायकाचा लिपसिंक. बघितलं. मेलेलं होतं. शेवटी पोरगा परत येतो तेव्हा तो का गेला होता हेच कुणाला आठवू नये, असं.

चार दिवस तसंच पडून होतं. मधल्या काळात जेरार जेनेत हा फ्रेंच कथनमीमांसक वाचत होतो, परीक्षेसाठी. १९७२ च्या त्याच्या पुस्तकात एक भाग वारंवारितेचा आहे: एकदा घडलेलं एकदा सांगणं, एकदा घडलेलं अनेकदा सांगणं, आणि रोज रोज घडणारं एकदाच सांगणं. तिसऱ्याचं उदाहरण वहीत लिहिताना मी 'ती रोज घाटावर जाऊन बसे' असं लिहिलं, आणि पेन तिथंच टाकून खुर्ची मॉनिटरकडं वळवली.

झूम काढले. लिपसिंक चारही ध्रुपदांवरून उचलून अंतऱ्यात टाकला. प्रत्येक ध्रुपदाला एकच शॉट, अखंड, कट नाही: पोरगी पायरीवर. पहिल्या ध्रुपदाला नऊ पायऱ्या, दुसऱ्याला सहा, मग चार, मग दोन. शब्द तेच, चाल तीच, तिचं बसणं तेच. परत यायचा शॉट काढून टाकला. तो पोरगा कॅमेऱ्यापुढं ओशाळल्यासारखाच दिसत होता, त्यामुळं दुःख झालं नाही. रेंडर लावून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी आईला दाखवलं. गोष्ट सांग म्हटलं नाही, नुसतंच लावलं. तिसऱ्या ध्रुपदाला ती पुढं सरकली.

"पाणी चढाय लागलंय की रे. ही अजून तिथंच बसलीय होय?"

आणि चौथ्याला, "उठ की बाई."

गिऱ्हाईक आलं. त्यानं पूर्ण बघितलं, पहिला प्रश्न: "पाणी कमी-जास्त दिसतंय, लोक चूक म्हणणार नाहीत?" मी म्हटलं, सांगलीतला माणूस पायऱ्या मोजल्याशिवाय राहील का? तो हसला. दुसरा प्रश्न खरा होता: "ड्रोन कुठं गेला? ड्रोनचे पाच हजार दिलेत." खरंच गेला होता. संगमावरून उंच जाणारा शॉट, कृष्णा आणि वारणा एकत्र, सुंदर, आणि चौथ्या रकान्यात त्याच्यापुढं माझ्या वहीत भोपळा. त्याला हवा होता शेवटी, गाणं संपताना. तिथं तो टाकला की दोन पायऱ्या गेल्या. अर्धा तास वाद झाला, चहा झाला, शेवटी ड्रोन एम-टूच्या तुकड्यावर गेला आणि त्यानं बिलातले सातशे रुपये कमी केले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांना मी दोन्ही कट लॅपटॉपवर दाखवले. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "ह्या दुसऱ्यात शेवट काय? मुलगा येतो की नाही?"

मी म्हटलं, सर, आमच्याकडं त्या दिवशी आयर्विनला ३८ होतं. पुढचं शूटिंग झालंच नाही.